तीन मिलिमीटरचा चर

लेथवर सव्वा इंची बोल्टावर बीएसडब्ल्यू, म्हणजे ब्रिटिश मापाचे, आटे पाडायचे असले की आण्णा आधी कॉलरच्या अलीकडे तीन मिलिमीटर रुंदीचा चर काढून घेतात. इंचाला सात आटे. म्हणजे जॉबच्या एका फेऱ्यात टूल साडेतीन मिलिमीटरच्या थोडं वरच पुढं सरकतं. मिनिटाला शंभर फेरे धरले तर सेकंदाला सहा मिलिमीटर. टूल चरात शिरल्यापासून कॉलरवर आदळेपर्यंत हाताशी अर्धा सेकंद. तेवढ्यात एका हातानं टूलची चाल जोडणारा-तोडणारा हाफ नट सोडायचा आणि दुसऱ्या हातानं क्रॉस स्लाइड मागं ओढायची. मग कॅरेज परत सुरुवातीला आणायचं, डायलवरचा आकडा रेषेवर यायची वाट बघायची, आला की हाफ नट दाबायचा. एका बोल्टाला असे पंधरा-वीस पास. पन्नास बोल्टांची ऑर्डर असली तर हजारभर वेळा तोच अर्धा सेकंद.

हजारातल्या नऊशे नव्व्याण्णव वेळा हात वेळेवर उठला आणि एकदा नाही उठला, तर टूल मोडतं, जॉब भंगारात जातो, आणि बाकीच्या नऊशे नव्व्याण्णवांचं कौतुक करायला कोणी येत नाही. लहानपणी स्टुलावर बसून हे बघताना मला वाटायचं, आण्णांचा हात विजेसारखा चालतो. तसं काही नव्हतं. रस्ता ओलांडताना ते इतके सावकाश असतात की आई अजून ओरडते. त्यांनी चर मापून काढलेला असायचा, आणि त्या चरात आपला सगळ्यात दमलेला, दुपारच्या जेवणानंतरचा, डोळ्यांवर झापड आलेला हातसुद्धा मावेल एवढी जागा ठेवलेली असायची.

हे मला कळलं चाळिशी ओलांडल्यावर. रास्पबेरी पाय नावाच्या छोट्या संगणकावर लिनक्ससीएनसी, म्हणजे मशीन चालवणारी प्रणाली, चालवायला घेतली तेव्हा.

कोल्हापुरात उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्ये दोन लेथ आहेत. थोरला अजून आण्णांच्या हाती. धाकटा, साडेचार फुटी, गिअर बॉक्स गेल्यापासून ताडपत्रीखाली झाकलेला. पुण्याची नोकरी सोडून मी घरी आलो त्या वर्षी तो सीएनसी, म्हणजे संगणकानं चालणारा, करायचं डोक्यात घेतलं. दोन्ही अक्षांना बॉल स्क्रू आणि स्टेपर मोटर, स्पिंडलला फेरे मोजणारा एन्कोडर, आणि डोकं म्हणून रास्पबेरी पाय ४. २०१९ मध्ये आलेला हा पाय. चार कोअर, दीड गिगाहर्ट्झ, तळहातावर मावणारा. आण्णांनी तो उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, "ह्याच्या पायावर लेथ हुभा करणार व्हय?" पायावरची ही कोटी त्यांनी पुढं वर्षभर सोडली नाही.

लिनक्ससीएनसीचं मूळ अमेरिकेतल्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेत, १९९० च्या दशकातलं. तिथं यंत्रनियंत्रणाचा एक खुला नमुना तयार झाला, तो सार्वजनिक झाला आणि पुढं जगभरच्या हौशी-धंदेवाईक लोकांनी वाढवला. फुकट आहे, आणि फुकट असूनही आटे पाडण्याचं काम मनापासून करतं. आता त्याला वेळेवर चालणारा संगणक द्यायचा होता, आणि साध्या लिनक्सला वेळेवरची सवय नाही. सगळ्यांना थोडं थोडं देऊन गाडा एकूण जोरात हाकायचा, असा त्याचा स्वभाव. एखादं काम मिलिसेकंदभर अडकलं तर ब्राउझरला कळतही नाही.

लेटन्सी, म्हणजे ठरल्या वेळेपेक्षा होणारा उशीर, मोजायचं सायक्लिकटेस्ट नावाचं एक छोटं साधन आहे. त्याचं काम म्हणजे पहाटेच्या एसटीसाठी कुणाला तरी उठवायला सांगण्यासारखं. "मला दोनशे मायक्रोसेकंदांनी उठव," असं ते कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, सांगतं, उठल्यावर घड्याळ बघतं आणि किती उशीर झाला ते लिहून ठेवतं. असं लाखो वेळा. शेवटी तीन आकडे उरतात: सगळ्यात कमी उशीर, सरासरी आणि सगळ्यात जास्त. पायवर आलेल्या मूळच्या कर्नलवर सरासरी दहा-बारा मायक्रोसेकंद दिसली आणि मी खूश झालो. मग चार-पाच कामं एकदम लावली तर शेवटचा आकडा १,४०० च्या वर गेला. सरासरी मात्र फारशी हलली नाही.

आण्णा मागं उभे होते. तिन्ही आकड्यांवर बोट फिरवून त्यांनी विचारलं, "ह्यातला आपला कुठला?"

शेवटचा, म्हटलं. त्यांनी खडू घेतला आणि शेडच्या पत्र्याच्या दारावर आतल्या बाजूनं तारीख टाकून १४०० लिहिलं. पुढचे चार महिने आमची प्रयोगवही म्हणजे ते दार.

पहिला बदल कर्नलचा. लिनक्सला वेळेवर चालायला लावणारं प्रीएम्प्ट आरटी नावाचं काम सुमारे वीस वर्षं लिनक्सच्या मुख्य शाखेबाहेर, पॅचच्या रूपात वाढत होतं. इंगो मोल्नार, थॉमस ग्लाइक्सनर, स्टीव्हन रोस्टेड ही त्यातली मोठी नावं. तुकड्या-तुकड्यानं ते आत शिरत गेलं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये शेवटचा तुकडा विलीन झाला. त्या वेळी व्हिएन्नात परिषद चालू होती, तेव्हा ग्लाइक्सनरनं विलीनीकरणाची विनंती कागदावर छापून लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांच्या हातात दिली. नोव्हेंबरात आलेल्या ६.१२ या आवृत्तीत ते सगळ्यांना मिळालं. शेवटपर्यंत अडलं होतं ते कशापायी, तर कर्नलच्या संदेश छापण्यापायी. कर्नल स्क्रीनवर एक ओळ उमटवत असताना बाकीच्यांनी खोळंबून राहायचं, ही गाठ सुटायलाच सगळ्यात जास्त काळ लागला. सरकारी कचेरीत काम झालेलं असतं आणि शिक्का मारणारा जेवायला गेलेला असतो, तसं.

या बदलानं नेमकं काय होतं ते आण्णांना सांगताना मला शेडमधलाच दाखला सापडला. आण्णांना तातडीच्या जॉबसाठी मायक्रोमीटर हवा. मायक्रोमीटर हेल्परच्या हातात. तो माप घेऊन लगेच देणारच, पण तेवढ्यात चलन फाडणारा आमचा कारकून त्याला गाठतो आणि मागच्या महिन्याच्या हजेरीचा वाद उकरून काढतो. हेल्परपेक्षा कारकुनाचा आवाज मोठा, त्यामुळं हेल्पर अडकतो. आणि मायक्रोमीटरशी काडीचा संबंध नसलेल्या कारकुनापायी शेडमधलं सगळ्यात तातडीचं काम थांबतं. १९९७ च्या जुलैत नासाच्या पाथफाइंडर यानाचा संगणक मंगळावर पुन्हा पुन्हा रिसेट होत होता, तो असल्याच भानगडीनं. हवामानाची मोजणी करणारं हलक्या मानाचं काम एक कुलूप धरून बसायचं, मधल्या मानाची कामं त्याला बाजूला सारायची, आणि त्याच कुलपाची वाट बघणारं सगळ्यात महत्त्वाचं काम मुदत चुकवायचं. उपाय पृथ्वीवरून पाठवला गेला: ज्याच्या हातात मायक्रोमीटर आहे त्याला तेवढ्यापुरता आण्णांचा मान द्यायचा. म्हणजे कारकून आपोआप गप्प बसतो. प्रीएम्प्ट आरटी कर्नलमधल्या बहुतेक कुलपांना हाच नियम लावतो, शिवाय इंटरप्ट, म्हणजे यंत्रभागांनी मधेच मारलेल्या हाका, हाताळणाऱ्या कामांनाही रांगेत उभं करतो.

"कारकुनाला आधीच काढायला पायजे हुता," आण्णा म्हणाले.

नवा कर्नल बांधला. दारावर १८० आला.

इथं माझी एक चूक सांगतो. १८० बघून मला जोर चढला आणि इकडून तिकडून वाचलेल्या दहा-बारा सेटिंगा मी एकाच रात्री बूटच्या ओळीत कोंबल्या. आकडा सुधारला. कशानं सुधारला ते मात्र कळेना. तीन दिवसांनी आकडा बिघडला तेव्हा तर काहीच कळेना. शेवटी सगळं पुसून एकेक परत घातलं, प्रत्येकीनंतर रात्रभर चाचणी आणि सकाळी दारावर खडू. दोन गोष्टींनी खरा फरक पडला. एक म्हणजे प्रोसेसरचा वेग कायम ठेवणं. काम नसलं की पाय सहाशे मेगाहर्ट्झवर उतरतो आणि काम आलं की दीड गिगाहर्ट्झवर चढतो. वीज वाचते, पण आपल्याला हवा तो क्षण नेमका चढणीवर सापडतो. दुसरी म्हणजे चौथा कोअर वेगळा काढणं. आयसोलसीपीयूज अशी एक सूचना कर्नलला देता येते: या कोअरवर तू होऊन कुणाला बसवू नकोस. दहावीच्या पोराला माडीवरची खोली द्यावी आणि पाहुण्यांची सगळी वर्दळ खाली ठेवावी, तसं. इंटरप्टही बाकीच्या तिघांकडं वळवले. कोअरवरची टिकटिक बंद करणाऱ्या सेटिंगची ख्याती मोठी, मला तिचा गुण आला नाही. काढून टाकली.

एका बाबतीत पाय सुखाचा. जुन्या डेस्कटॉपवर मी आधी हाच प्रयोग केला होता, तिथं मदरबोर्डचं बायोस ऑपरेटिंग सिस्टिमला न विचारता मधूनच प्रोसेसर ताब्यात घ्यायचं आणि वेळ गिळून परत द्यायचं. लिनक्सला पत्ताही लागत नाही, तक्रार कुणाकडं करणार? पायवर हा चोर नाही.

चाचणीला मुद्दाम भार द्यावा लागतो. निवांत बसलेला संगणक वेळेवर उठला तर त्यात विशेष काय? लिनक्ससीएनसीवाल्यांची रीत म्हणजे स्क्रीनवर ग्लेक्सगिअर्स चालवायचे: तीन रंगीत दातेरी चाकं एकमेकांत गुंतून फिरत राहतात. आम्ही अशा चार खिडक्या उघडल्या, एकीकडं मोठी फाइल कॉपी करायला लावली आणि व्हिडिओ लावला. आण्णा खुर्ची ओढून बसले. लेटन्सीच्या आलेखाकडं त्यांचं लक्ष नव्हतं. "लाल वीस दाती, हिरवं-निळं दहा-दहा," दोन मिनिटांनी ते म्हणाले, "मेळ बरोबर हाय." वीस वर्षं लोक ही चाकं बघत आलेत, दात मोजलेला माणूस मला हा पहिलाच दिसला.

दारावर ७० आला आणि मी मोटर जोडली. पायच्या पिनांमधून थेट स्टेपचे पल्स सोडायचे, मधे दुसरं काही नाही. माझा हिशेब असा: मोटरला फेऱ्याला २०० स्टेप, ड्रायव्हरवर आठपट बारकी केलेली, म्हणजे १,६००. स्क्रूचा पिच पाच मिलिमीटर. मिलिमीटरला ३२० स्टेप. अक्ष मिनिटाला तीन मीटरनं पळवायचा तर सेकंदाला १६,००० स्टेप, म्हणजे दर साडेबासष्ट मायक्रोसेकंदाला एक. आणि माझा पाय कधीमधी ७० मायक्रोसेकंद उशिरा उठणार! म्हणजे एक अख्खी स्टेप चुकल्यासारखीच. कागदावर हे लिहून झाल्यावरही मी मोटर चालवून बघितली, कारण गणितापेक्षा आशा मोठी. कमी वेगाला ठीक चाललं. वेग वाढवला तसा मोटरचा सूर खरखरीत झाला आणि मग कर्रर्र करून ती जागीच थरथरत उभी राहिली. मोटरच्या लेखी उशिरा आलेली स्टेप म्हणजे अचानक ब्रेक, आणि त्यामागून वेळेवर आलेली स्टेप म्हणजे अचानक धक्का. फिरत्या लोखंडाला असं चालत नाही.

आण्णा थोरल्या लेथवर चर काढत होते. पार्टिंग टूल आत जात होतं, कीस वळून खाली पडत होता. मी तसाच बघत राहिलो. मी चार महिने हात चपळ करत होतो. चर किती रुंद पाहिजे हे बघितलंच नव्हतं.

मग मेसा कंपनीचं कार्ड आणलं. त्यावर एफपीजीए असतो, म्हणजे हवं तसं जुळवता येणारी चिप. पल्स सोडायचं बारीक काम तो स्वतःच्या घड्याळावर करतो, लिनक्सकडं बघतही नाही. पायनं मिलिसेकंदातून एकदा एसपीआय नावाच्या जोडणीच्या तारेवरून त्याला एवढंच सांगायचं, की आता या वेगानं चल. आणि त्याच्याकडून विचारायचं, की तू कुठं पोचलास. पाय उशिरा आला तर कार्ड आधीच्या वेगानं चालत राहतं. फारच उशीर झाला, काही मिलिसेकंद कुणी हाक मारली नाही, तर कार्डावरचा राखणदार, वॉचडॉग, सगळं बंद करतो. आता मुदत साडेबासष्ट मायक्रोसेकंदांची राहिली नाही, हजारांची झाली. आटे पाडताना अक्ष सेकंदाला सहा मिलिमीटर जातो, म्हणजे मिलिसेकंदाला सहा मायक्रॉन. पाय ७० मायक्रोसेकंद चुकला तर अर्ध्या मायक्रॉनच्याही आतली गोष्ट. आमच्या लेथचा बेड दुपारच्या उन्हानं त्यापेक्षा जास्त हलतो.

म्हणजे चार महिने फुकट गेले का? एका मित्राचं म्हणणं तसंच होतं: कार्ड आधीच घेतलं असतंस तर मूळच्या कर्नलवरही भागलं असतं. भागलं नसतं. १४०० हा आकडा हजाराच्या चरातही मावत नाही. १८० मावतो, ७० ऐसपैस मावतो. आण्णाही तीन मिलिमीटरचा चर काढल्यावर हात ढिला सोडत नाहीत.

आणि मग मे महिना आला. पत्र्याची शेड, बिडाची धूळ आत जाऊ नये म्हणून पायला घट्ट बंद डबा. ऐंशी अंशाला पाय स्वतःहून वेग कमी करतो, तो करायला लागला. ते सोपं होतं; आण्णांनी ॲल्युमिनियमच्या ठोकळ्याचं फेसिंग करून दिलं, तो चिपवर बसवून डब्याच्या भिंतीला टेकवला. पण त्यानंतरही दिवसातून कधीतरी आकडा एकदम ४१० वर जायचा. रात्रीच्या चाचणीत कधीच नाही, फक्त दिवसा, लेथ चालू असताना. मी कर्नल परत बांधला. वायफाय बंद केलं. एसडी कार्ड बदललं. पंधरा दिवस दारावर ४१० ची रांग लागली. सेटिंगांवरचा विश्वास उडाला आणि मी मित्राला फोन करून पाय ५ ची किंमत विचारली.

एका दुपारी आण्णा माझ्यामागं पाणी पीत उभे होते. म्हणाले, "त्ये टक् झालं की वाढतंय."

"काय टक्?"

"कूलंटचं. ऐक की."

कूलंट पंप चालू करणारा छोटा रिले डब्यातच होता. मी पंप बंद केला, आलेख पुसला, पंप चालू केला. टक्. ४०५. परत. टक्. कधी काही नाही, कधी ३९०. माझे कान वीस वर्षं हेडफोनमध्ये गेलेले. आण्णा कटच्या आवाजावरून टूल बोथट झाल्याचं सांगतात, आणि रिलेचा आवाज मला ऐकूच येत नव्हता.

रिलेला पाच व्होल्ट मी पायच्याच पिनेवरून घेतले होते, आणि पायला वीज येत होती ती मोबाइलच्या एका जुन्या, बारीक तारेच्या केबलनं. रिलेची कॉइल ओढायची, व्होल्टेज क्षणभर बसायचं. ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की पायचं फर्मवेअर प्रोसेसरचा वेग आवळतं. मी वेग कायम ठेवा असं कितीही लिहिलं तरी तिथं माझं चालत नाही. पायला विचारायची एक आज्ञा आहे, तिनं पाच आकडी उत्तर दिलं: ५००००, सोळाच्या पायाच्या मोजणीतलं, म्हणजे हेक्साडेसिमल. उलगडलं तर त्याचा अर्थ, मागं कधीतरी व्होल्टेज पडलं होतं आणि मागं कधीतरी पायनं वेग आवळला होता. बिचारा पंधरा दिवस सांगायला तयार होता. मीच विचारलं नव्हतं. रिलेला वेगळा सप्लाय दिला, पायला जाड तार. खर्च साडेतीनशे रुपये.

दारावर ६२ आला.

त्या आठवड्यात पहिले आटे पाडले. सव्वा इंची, इंचाला सात. लिनक्ससीएनसीत जी ७६ ही आज्ञा आहे: स्पिंडलच्या एन्कोडरची फेऱ्यातून एकदा येणारी खूण आली की टूल निघतं, दर वेळी त्याच जागेवरून. डायलवरचा आकडा बघायला नको. मी सवयीनं नकाशात चराची जागा धरली होती, आण्णांनी बोल्ट हातात घेऊन चर नखानं चाचपला आणि मानेनंच बरोबर म्हणाले. पहिला पास गेला, टूल चरात पोचलं, मागं आलं. दुसरा, तिसरा. आण्णा लेथच्या पुढं, नेहमीच्या जागी उभे. अकरा पासांनंतर मशीन थांबलं. त्यांनी खिशातून थोरल्या लेथवर केलेला नट काढला, आट्यावर चढवला, कॉलरपर्यंत फिरवत नेला आणि परत काढून खिशात टाकला.

"चाचणी चालूच ठेव रातभर," म्हणाले.

सकाळी मी शेडवर पोचलो तेव्हा शटर अर्धंच उघडं होतं. आण्णा चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीनजवळ वाकले होते. ग्लेक्सगिअर्सच्या चारी खिडक्या फिरतच होत्या.

"बासष्ट," ते म्हणाले. "काल बी बासष्टच." खडू घेतला, दारावर तारीख टाकली, आणि थोरल्या लेथचा मेन स्विच वर केला.